कुटी बांधणारी मीरा

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत आले. लग्नाचे मला ठाऊक नाही. पण घराचा अनुभव मात्र गेल्या उन्हाळ्यात थोडाबहुत आला. बी. ए. च्या पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढून देणाऱ्या एका दुकानात मी दोन महिने काम केले. संगणकावर ऑटोकॅडमध्ये रेघा ओढायच्या, भिंती उभ्या करायच्या, दारे-खिडक्या बसवायच्या आणि गिऱ्हाईक आले की पडद्यावर घर गोल फिरवून दाखवायचे, असे ते काम. गिऱ्हाईक बहुधा पुरुष. त्याच्या मोबाईलमध्ये पुण्याच्या नाहीतर नागपूरच्या एखाद्या बंगल्याचे चित्र असायचे आणि अगदी तसेच हवे असा त्याचा आग्रह असायचा. सोबत आलेली बाई दाराशी उभी राहायची. तिला काय हवे ते आम्ही कधी विचारले नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही.

त्याच उन्हाळ्यात आमचे घरकुल मंजूर झाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा नकाशा मीच काढणार हे न बोलताच ठरले. मोठ्या हौसेने मी तो काढला. पंचवीस चौरस मीटरमध्ये हॉल, बेडरूम, ओट्याचे स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणीघर, सारे मापात बसवले. दुकानातील सर्वांनी माझी पाठ थोपटली. घर उभे राहिले, आणि आजी त्यात झोपेना! ती अजूनही अंगणातल्या मांडवाखाली खाट टाकते. माझ्या नकाशात पडवी नव्हती. मोहफुले वाळली की गोळा करून ठेवायला, सुपात तांदूळ पाखडायला, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायला आजीला जी जागा लागते, ती मी वाया जाणारी जागा समजून पडद्यावरून पुसून टाकली होती.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सहलीबरोबर मी सेवाग्रामला गेले. चंद्रपूरहून वरोरा, हिंगणघाट ही स्टेशने मागे टाकीत गाडी सेवाग्रामला पोहोचते. म्हणजे ते आपल्या अगदी शेजारचेच. गांधीजींची कुटी पाहायची एवढेच मनात होते. पण त्या बुटक्या, मातीच्या, कवेलूंच्या घरात शिरले आणि पाय थबकले. येथे पडवी होती! आजारी माणसाला जागा होती, पाहुण्याला जागा होती, चपला काढून घटकाभर उभे राहायलाही जागा होती. हे घर कोणी योजले असेल, असे विचारल्यावर उत्तर आले, मीराबेनने. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी, आणि तिने वर्ध्याच्या मातीत असे घर बांधावे! परत आल्यावर ग्रंथालयातून मिळतील ती पुस्तके मी वाचून काढली. त्या वाचनातून जे हाती लागले ते माझ्या वाचक मित्रमैत्रिणींपुढे ठेवीत आहे.

मीराबेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातील बडे अधिकारी. मॅडेलिनचे बालपण आजोबांच्या खेड्यातील प्रशस्त घरी, झाडाझुडपांत आणि घोड्यांच्या संगतीत गेले. पुढे वडिलांची नेमणूक हिंदुस्थानच्या बाजूच्या आरमारावर झाली, तेव्हा तरुणपणी त्या काही काळ मुंबईत राहिल्याही होत्या. पण तो हिंदुस्थान म्हणजे साहेबांच्या मेजवान्या आणि समारंभ. खरा हिंदुस्थान त्यांना त्या वेळी दिसलाच नाही.

त्यांचे वेड होते संगीताचे, आणि संगीतातही बीथोव्हेनचे. या थोर जर्मन संगीतकाराच्या शोधात त्या बॉनला आणि व्हिएन्नाला जाऊन आल्या. बीथोव्हेनसारख्या संगीतकाराच्या जीवनावर बेतलेली मोठी कादंबरी लिहिणारे फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ स्वित्झर्लंडमध्ये राहत. मॅडेलिन त्यांना भेटायला गेल्या. बोलता बोलता रोलाँनी गांधी नावाच्या माणसाचा उल्लेख केला. मॅडेलिनला तो ठाऊक नव्हता. रोलाँनी त्याच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले होते. १९२४ साली ते प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी ते मिळवले आणि वाचूनच खाली ठेवले. आयुष्यात आपण कशाची वाट पाहत होतो, ते त्यांना त्या दिवशी उमगले.

येथे मला त्यांचे विशेष कौतुक वाटते. त्यांनी लगेच बोटीचे तिकीट काढले खरे. पण विचारांती ते रद्द केले. जेथे जायचे तेथील जगणे आपल्याला पेलेल का, हे आधी पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. मग वर्षभर त्यांनी स्वतःलाच शिकवले. मांसाहार सोडला, मद्य सोडले. खुर्चीत वाढलेल्या शरीराला जमिनीवर मांडी घालून बसायची आणि जमिनीवरच झोपायची सवय लावली. लोकर कातायला आणि विणायला शिकल्या. गीता वाचली. १९२४ च्या सप्टेंबरात हिंदु-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, ते सुखरूप पार पडल्यावर त्यांनी गांधीजींना पत्र आणि वीस पौंड पाठवले. गांधीजींनीही उत्तर दिले, पण घाई करू नका असाच त्याचा सूर होता.

मॅडेलिन १९२५ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या आणि ७ नोव्हेंबरला साबरमतीच्या आश्रमात पोहोचल्या. अहमदाबादच्या स्टेशनवर त्यांना उतरवून घ्यायला वल्लभभाई पटेल आले होते. गांधीजींपुढे त्या गुडघे टेकून बसल्या. गांधीजींनी त्यांना उठवले आणि मुलगी मानले. मीरा हे नावही त्यांनीच दिले. तेहेतीस वर्षांच्या मीराबेननी पुढे केस कापले, खादीची पांढरी साडी नेसली आणि पहाटे उठून आश्रमाचे संडास साफ करू लागल्या. पिंजण, कताई, हिंदी भाषा, सारे त्या धुळाक्षरापासून शिकल्या. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले तेव्हा मीराबेन त्यांच्या सोबत होत्या. ज्या देशात त्या राजेशाही घरात वाढल्या, त्याच देशात लंडनच्या गरीब वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये त्या गांधीजींची व्यवस्था पाहत होत्या. त्यानंतरच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला.

मात्र त्यांच्या जीवनातील जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, तो सुरू होतो वर्ध्याला. साबरमती सोडल्यावर गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्याला मगनवाडीत राहू लागले होते. खेड्यांची सेवा वर्ध्यात बसून होणार नाही, हे मीराबेनना पटले. त्या आधी वर्ध्याजवळच्या सिंदी या खेड्यात गेल्या आणि तेथे झाडू हातात घेऊन रस्त्याकडेची घाण काढू लागल्या. मग त्या वर्ध्यापासून काही मैलांवरच्या शेगाव खेड्यात जाऊन राहिल्या. या शेगावला धड रस्ता नव्हता, पोस्ट नव्हते, हिवताप मात्र मुबलक होता. बहुसंख्य वस्ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची. हेच शेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. संत गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घर बांधण्याआधी मीराबेन गावात राहिल्या. ऊन कोठून येते, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, गावातील भिंती कशाच्या आहेत, छपराला कोणते लाकूड टिकते, हे त्यांनी तेथे राहून पाहिले. आम्ही दुकानात बसून ज्या गावांची घरे काढली, त्यांतील एकही गाव आम्ही पाहिले नव्हते.

१९३६ साली गांधीजींनी शेगावलाच राहायचे ठरवले. दुकानाच्या भाषेत बोलायचे तर आता मीराबेनना गिऱ्हाईक मिळाले, आणि तेही कसे! आपल्या झोपडीसाठी शक्य तितका कमी खर्च व्हावा आणि काही झाले तरी तो शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असे त्यांनी जमनालालजींना कळवले होते. लागेल ती मदत शेगावातूनच घ्यायची. साहित्य आसपासचे, कारागीर गावचे. गिऱ्हाईक जास्त मागते म्हणून आम्ही कंटाळत असू. येथे गिऱ्हाईक कमीच कमी मागत होते. कमी मागणारे गिऱ्हाईक अधिक कठीण, हे मला आता समजते. जास्तीत काही तरी लपवता येते. कमीत एकही चूक लपत नाही.

३० एप्रिलला गांधीजी शेगावला पोहोचले तेव्हा घर तयार नव्हते. काही दिवस ते साध्या आडोशाला राहिले आणि नंतर प्रकृतीच्या कारणाने दक्षिणेत गेले. मधल्या काळात, वैशाखाच्या उन्हात, मीराबेन आणि त्यांचे सोबती कामाला लागले. विदर्भाचा उन्हाळा काय असतो ते आपणा चंद्रपूरकरांना सांगायला नको. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि बांबूंचा सांगाडा, त्यावर कवेलू, भोवती पडवी, असे ते घर उभे राहिले. जूनमध्ये भर पावसात चिखल तुडवीत गांधीजी पायी परत आले आणि त्यात राहू लागले. त्यालाच पुढे आदिनिवास म्हणू लागले.

आदिनिवास म्हणजे मुख्यतः एक मोठी खोली. त्या एका खोलीत गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येईल तो पाहुणा. सरहद्दीचे खान अब्दुल गफारखान तेथे राहिले. आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही त्याच वर्षी तेथे राहून गेले. त्या एका छपराखाली देशाचे राजकारण, भजन, सूतकताई आणि आजाऱ्यांची सेवा असे सारे चाले.

परंतु या घरात एक मोठी उणीव राहून गेली होती, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही. या घरात बांना जागा नव्हती. सारा दिवस पुरुषांची वर्दळ. कस्तुरबांना अंग टेकायला, कपडे बदलायला, घटकाभर एकटे बसायला आडोसा नव्हता. त्यांची ही अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी लहानशी कुटी बांधवून घेतली. ती बा-कुटी आजही आदिनिवासाच्या शेजारी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. एवढ्या मोठ्या माणसांच्या हातूनही घरातील म्हातारी बाई नकाशातून सुटते, मग माझी काय कथा! पण त्यांनी ती चूक पाहिली, मान्य केली आणि वेगळ्या भिंती उभारल्या. ते मला शिकण्यासारखे वाटले.

मीराबेननी शेगावात दुसरे एक घर बांधले ते स्वतःसाठी. स्वतः राहावे आणि गावातील मुलांना पिंजण-कताई शिकवावी, असा त्यांचा हेतू होता. या घरावर त्यांनी मन ओतले. भिंतींवर ओल्या मातीने स्वतःच्या हाताने ताडाची झाडे काढली, चरखा काढला, ॐ काढला. ही उठावाची चित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांना रंग नाही; भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे. आपल्याकडे बायका दिवाळीला भिंती सारवून त्यावर बोटांनी नक्षी काढतात, त्याच जातीचे हे काम. युरोपातील संगीतसभांत बसलेली ही बाई आपल्या आजी-मावशीसारखी भिंत सारवते आणि तीवर झाड काढते, याचे मला फार नवल वाटले.

पण या घरात त्यांना फार दिवस राहता आले नाही. आदिनिवासात गर्दी वाढत गेली. गांधीजींना निवांतपणाची गरज होती, आणि मीराबेनचे घर त्यांना राहायला योग्य ठरले. घर थोडे वाढवण्यात आले, न्हाणीघर जोडण्यात आले, आणि मीराबेनची कुटी ती बापूकुटी झाली. आज देशोदेशींची माणसे ज्या घराला नमस्कार करतात, ते घर मुळात बांधणारीने आपल्यासाठी बांधलेले होते, हे कित्येकांना ठाऊकही नसते.

या कुटीची रचना जरा सावकाश सांगितली पाहिजे. दार बुटके, आत जाताना मान आपोआप लवते. उंबऱ्याबाहेर चपला काढायची आणि मन स्थिर करायची जागा. आत मधली बैठकीची जागा. तेथे चटईवर, भिंतीशी पाठ टेकून गांधीजी बसत. समोर बुटके मेज. खुर्ची नाही. येणारा कितीही मोठा असो, जमिनीवरच बसायचा, म्हणजे सारे एका उंचीचे. बाजूला आजाऱ्यासाठी जागा, पाहुण्यासाठी जागा. ऐसपैस न्हाणीघर. आणि भोवती उघडी पडवी. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचे जगप्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामला आले होते. ते या कुटीत बसले आणि त्यांनी अशा सात जागा मोजल्या. या सातही जागांचे एकमेकींशी शरीराच्या अवयवांसारखे नाते आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मी त्या जागा पुन्हा मोजून पाहिल्या. एकही जागा फक्त दाखवण्यासाठी नाही. आम्ही काढलेल्या नकाशांत मात्र पाहुण्यांना दाखवायची खोली सर्वांत मोठी असे आणि राहण्याच्या खोल्या उरलेल्या जागेत कोंबलेल्या असत.

छपराच्या वळचणी इतक्या खाली आहेत की दुपारचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि पाऊसही मातीला झोडपत नाही. जाड माती उशिरा तापते आणि बाहेरची हवा आत येईतो संध्याकाळ होते. तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून वर निघून जाते. यात विजेचा पंखा नाही की मोठे शास्त्र नाही. वर्धा-चंद्रपूरकडील शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आला. मीराबेननी नवे काही शोधले नाही. जे होते ते नीट पाहिले. घरात साप निघाला तर मारायचा नाही, लाकडी चिमट्याने धरून पेटीत घालायचा आणि दूर सोडायचा, अशी आश्रमाची रीत होती. ती पेटी आणि तो चिमटा आजही तेथे ठेवलेला आहे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा मुलामुलींना घराचा हा भाग चांगलाच कळतो.

गिऱ्हाइकाची गरज बदलली की घर बदलते, हेही सेवाग्रामलाच दिसते. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. सर्वांनी दूर लोटलेले हे शास्त्रीबुवा आश्रमाच्या दाराशी आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुटी उभी राहिली ती गावाबाहेर नव्हे, तर आश्रमातच, बापूकुटीच्या आसपास. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करीत. कुष्ठरोग्याला घर कोठे द्यावे, हा प्रश्न केवळ नकाशाचा नसतो. आपल्या जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ नंतर आनंदवन उभे केले, तेव्हा त्याच प्रश्नाचे मोठे उत्तर दिले गेले.

मीराबेनच्या मनाला मात्र एक व्यथा कायम होती. त्यांना बापूंच्या जवळ राहायचे होते, आणि बापू त्यांना वारंवार दूर पाठवीत. व्यक्तीची सेवा पुरे, कामाची सेवा करा, असे त्यांचे सांगणे. दूर गेल्या की मीराबेन आजारी पडत. ज्या माणसासाठी देश सोडला, त्याच्यासाठी घर बांधायचे आणि आपण मात्र दुसरीकडे राहायचे, हे सोसणे सोपे नसेल. त्यांच्या चरित्रातील हे पान वाचताना त्या मला थोर बाई न वाटता आपल्यातलीच एक वाटल्या.

१९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींबरोबर मीराबेननाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. त्याच दिवसांत आपल्या चिमूरला क्रांतीचा वणवा पेटला होता. आगाखान पॅलेस म्हणजे महाल. पण तो तुरुंगच. तेथे १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. मातीच्या कुटीत ज्या बांना आडोसा मिळाला होता, त्यांना मरण महालात आले. १९४४ च्या मे महिन्यात गांधीजींची सुटका झाली. १९४६ साली ते सेवाग्रामहून गेले ते पुन्हा परतलेच नाहीत.

सुटकेनंतर मीराबेन हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या. रुडकी-हरिद्वारच्या बाजूला किसान आश्रम, ऋषिकेशजवळ पशुलोक, मग १९५२ च्या सुमारास टिहरी गढवालात भिलंगणेच्या खोऱ्यात गोपाळ आश्रम. ३० जानेवारी १९४८ ची बातमी आली तेव्हा त्या ऋषिकेशकडेच होत्या. जेथे जावे तेथे निवारा उभारावा, गोठा बांधावा, काम सुरू करावे आणि मग पुढे जावे, असा त्यांचा क्रम झाला.

डोंगरात राहताना त्यांचे लक्ष जंगलाकडे गेले. बांज नावाचा रुंद पानांचा ओक वृक्ष कमी होत आहे आणि त्याची जागा चीड घेत आहे, हे त्यांनी पाहिले. बांजाच्या पालापाचोळ्याची माती पाणी धरून ठेवते, गुरांना चारा मिळतो. चिडीखाली तसे काहीच होत नाही. मग पावसाचे पाणी धावत सुटते आणि खाली पूर येतात. हे त्यांनी १९५० नंतरच्या दशकात लिहून मांडले. चिपको आंदोलन सुरू झाले ते १९७३ साली. आपल्या झाडीपट्टीतील म्हाताऱ्या माणसांना विचारा. मोह, तेंदू, चार, बेहडा यांचे मिश्र जंगल आणि नुसत्या सागाची लागवड यांत काय अंतर आहे, ते तीही सांगतील. घराचा वासा जेथून येतो त्या रानाची काळजी घर बांधणाऱ्यानेच वाहायची, हा धडा मीराबेनकडून घेण्यासारखा आहे.

१९५९ साली त्यांनी भारत सोडला. काही काळ इंग्लंडमध्ये राहून त्या ऑस्ट्रियात गेल्या आणि व्हिएन्नाजवळच्या रानात, बीथोव्हेन जेथे फिरत असे त्या भागात, शेवटपर्यंत राहिल्या. तरुणपणीचे ते संगीत त्यांना पुन्हा भेटले. उतारवयात भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. २० जुलै १९८२ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी २६ ऑगस्टला आपला चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला, आणि ज्या ऑटोकॅडवर मी नकाशे काढले तेही त्याच वर्षाच्या अखेरीस प्रथम बाजारात आले.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी मातीच्या घरातच राहावे काय? मी तसे म्हणणार नाही. मातीचे घर दुरून पाहायला सुंदर असते. पण त्याची ओझी कोणाच्या डोक्यावर असतात, ते आम्हाला ठाऊक आहे. दर आठवड्याला शेणाने सारवणे आईकडे. दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे बाबांकडे. वाळवी लागली तर मयाल बदलायचा, पण लाकूड आणायचे कोठून? भिंत खचली तर अख्खा पावसाळा जागून काढायचा. आईने आयुष्यभर ओणवे होऊन जमीन सारवली. तिला फरशीवरून ओले फडके फिरवताना मी पाहते तेव्हा सिमेंटला नावे ठेवण्याची मला हिंमत होत नाही. बापूकुटी टिकली ती अनेक हातांनी आजवर तिची निगा राखली म्हणून. गरिबाच्या घराला तेवढे हात मिळत नाहीत.

म्हणून मीराबेनकडून घ्यायची ती माती नव्हे, रीत. राहणाऱ्याचा दिवस आधी पाहायचा आणि भिंत मागाहून घालायची. तो सकाळी कोठे बसतो, आजारी पडला तर कोठे निजतो, त्याच्याकडे कोण येते, ऊन कोणत्या दाराने आत शिरते, हे पाहून झाल्यावर मग मापे. कोणी सुटले आहे असे दिसले तर बांच्या कुटीसारखी चूक दुरुस्त करायची. संगणक रेघ सरळ ओढून देतो आणि ती पुसूनही देतो. ती कोणासाठी ओढायची, ते मात्र विचारायला जावे लागते. त्या दुकानात दाराशी उभ्या राहिलेल्या बायकांना आम्ही एक स्टूल देऊन दोन प्रश्न विचारले असते, तर कितीतरी घरे वेगळी झाली असती.

सेवाग्रामहून परत आल्यावर मी आजीला विचारले, तुला पडवी कोठे हवी? तिला आधी खरेच वाटले नाही. मग ती उठली, काठी टेकत अंगणात गेली आणि घराच्या उगवतीच्या अंगाला काठीनेच जमिनीवर एक रेघ ओढली. सकाळचे ऊन तिच्या गुडघ्यांना हवे, आणि तेथून रस्ताही दिसतो. मी टेपने ती रेघ मोजली. नऊ फूट भरली. बाबांनी बांबू आणि जुने कवेलू राखून ठेवले आहेत. परीक्षा झाली की काम सुरू करायचे आहे, आणि या वेळी नकाशा आजीचा आहे. मी फक्त मापे लिहिली आहेत.

दूरदेशीहून येऊन आपल्या शेजारच्या मातीत घर बांधणाऱ्या, आणि ते बांधून दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्या मीराबेनच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २